ड्राफ्टिंगसाठी (संगणकावर तांत्रिक ड्रॉइंग काढण्यासाठी) ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना

आधी ऑपरेटिंग सिस्टीम ठरवून मग तिच्यावर चालणारे सॉफ्टवेअर शोधू नका; ज्यांच्याशी तुम्हाला ड्रॉइंगची देवाणघेवाण करायची आहे, ते कोणते सॉफ्टवेअर वापरतात हे प्रथम विचारून घ्या. रेव्हिट (इमारतींच्या आराखड्यांचे सॉफ्टवेअर) किंवा सॉलिडवर्क्स (यंत्रभागांच्या त्रिमितीय डिझाइनचे सॉफ्टवेअर) शिकायचे असेल तर निवडीला वावच नाही, कारण दोन्ही विंडोजसाठीच बनवलेली आहेत.

ऑटोकॅड या ड्राफ्टिंग सॉफ्टवेअरची मॅक आवृत्ती 2010 मध्ये पुन्हा आली आणि द्विमितीय कामासाठी ती सक्षम आहे. मात्र आर्किटेक्चर, मेकॅनिकल यांसारखे विशेष टूलसेट (त्या त्या क्षेत्रासाठीचे साधनसंच) तिच्यात नाहीत, व्हीबीए मॅक्रो (मायक्रोसॉफ्टच्या व्हीबीए भाषेतील छोटे स्वयंचलित प्रोग्राम) चालत नाहीत, आणि ॲक्टिव्हएक्स या विंडोजच्या तंत्रावर अवलंबून असलेली लिस्प रूटीन (ऑटोकॅडमधील कामे आपोआप करणारे लिस्प भाषेतील छोटे प्रोग्राम) तेथे निकामी ठरतात. ज्यांना कार्यालयातील जुनी रूटीन रोज वापरावी लागतात, त्यांनी हा मुद्दा मुळीच हलका समजू नये. ॲपलच्या स्वतःच्या चिपवरील मॅकमध्ये बूट कॅम्पची (मॅक थेट विंडोजमध्ये सुरू करण्याची) सोयही नाही; व्हर्च्युअल मशीनमध्ये (मॅकच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) विंडोजची एआरएम प्रकारच्या चिपसाठीची आवृत्ती चालवता येते, पण अवजड त्रिमितीय कामासाठी मी तो मार्ग सुचवणार नाही.

लिनक्ससाठी ऑटोकॅड नाही. तरीही डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडचा मूळ फाइल-प्रकार) फाइल थेट हाताळणारे ब्रिक्सकॅड तिन्ही प्रणालींवर चालते, आणि फ्रीकॅड व लिब्रेकॅड तर विनामूल्य आहेत. लिब्रेकॅड केवळ द्विमितीय असून काम डीएक्सएफ या ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीसाठीच्या फाइल-प्रकारात जतन करते.

खरेदीपूर्वी तुमच्या कामातील एक खरी, गुंतागुंतीची फाइल चाचणी आवृत्तीत उघडा आणि फॉन्ट, हॅच (भागांतील रेघांची भरणी), डायमेन्शन (मापे) व प्लॉट स्टाइल (छपाईतील रेषांची जाडी व रंग) बारकाईने तपासा.