लेसच्या टोकांचा आवाज

पत्र बरंच मोठं होतं, थोडक्यात सांगते. लिहिणारे गृहस्थ नोकरी करतात, लग्नाला अकरा वर्षं झाली, एक मुलगी आहे सात वर्षांची. व्यसन नाही, दशांश म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाच्या कामाला वेळेवर, आठवड्यातून एक उपास, आणि रोज सकाळी साडेपाच ते साडेसात खोलीचं दार लावून प्रार्थना आणि बायबलचं वचन. तक्रार बायकोबद्दल आहे. आधी ती सोबत प्रार्थनेला बसायची, आता बसत नाही, दोन महिने झाले रविवारच्या उपासनेलाही 'तुम्ही जाऊन या' म्हणते, घरात चिडचिड करते. त्यांनी लिहिलंय, "ताई, ती कोमट झाली आहे. मी रोज तिच्यासाठी रडून प्रार्थना करतो. तिला विश्वासात परत कसं आणू? या घरात मी एकटाच क्रूस वाहतोय असं वाटतं." आणि मधेच, जाता जाता, एक ओळ आहे: "मुलगी शाळेचे बूट घेऊन दाराबाहेर बसते कारण तिला अजून लेस बांधता येत नाही, लेसची टोकं फरशीवर आपटत राहते, तेवढा व्यत्यय सोडला तर माझा वेळ शांततेत जातो."

भाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमच्या मिसेसबद्दल काय लिहावं याचाच विचार करत होते. दुसऱ्यांदा ती लेसची ओळ दिसली. तिसऱ्यांदा दुसरं काही दिसेचना आणि मला राग आला, तो मी लपवत नाही. लोक लहान मुलांना येशूकडे आणत होते आणि शिष्य त्यांना हटकत होते, तो प्रसंग बायबलमध्ये मत्तय, मार्क आणि लूक तिघांनीही आपापल्या शुभवर्तमानात लिहिलाय, पण ते बघून येशूला राग आला हे फक्त मार्कनेच लिहून ठेवलंय, दहाव्या अध्यायात. मार्कने तो शब्द गाळला नाही याचं मला आज फार बरं वाटलं.

लेसच्या टोकाला ते प्लास्टिकचं टोपण असतं ना, एवढंसं, ते फरशीवर आपटलं तर आवाज केवढा होणार? आणि तो बंद दाराच्या आत तुम्हाला ऐकू येतो. म्हणजे ती बाहेर बसलीये हे तुम्हाला माहितीये. रोज माहितीये. एका हातात बूट, एक पाय मोज्यात, आणि आत बाबा देवाशी बोलतायत. ती तिथे किती वेळ बसते ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि मला वाटतं तुम्ही कधी मोजलंच नसेल.

ती दार वाजवत नाही, हे लक्षात आलंय का तुमच्या? सात वर्षांची मुलं दार वाजवतात, ढकलतात, बाबा बाबा करून घर डोक्यावर घेतात. ही वाजवत नाही म्हणजे कधीतरी वाजवून झालंय, त्यावर आतून काय आलं तेही तिला कळून चुकलंय, ओरडा असेल किंवा नुसतं गप्प बसणं असेल, काय ते तुम्हालाच ठाऊक. आता ती फक्त लेस आपटते. आणि अजून एक, घरात आई आहे की. लेस काय, आईकडे पाय पुढे केला की अर्ध्या मिनिटाचं काम. तरी पोर रोज तुमच्या दाराशी येऊन बसते. तिला लेस बांधून हवीये ती तुमच्याकडून हवीये, भाऊ, आणि ही गोष्ट फार वर्षं टिकत नाही. एक दिवस तिला लेस बांधता येईल आणि दाराबाहेर कुणीच बसणार नाही, तेव्हा तुमचा वेळ अगदी शांततेत जाईल.

तुम्ही म्हणाल ताई, दार लावून प्रार्थना कर हे तर प्रभूनेच सांगितलंय. सांगितलंय, मत्तयच्या सहाव्या अध्यायात, सहावी ओवी. पण पाचवी ओवी वाचून सहावीवर या. लोकांनी आपल्याला बघावं म्हणून जे सभास्थानात आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून प्रार्थना करतात त्यांच्याबद्दल तो बोलत होता, म्हणून म्हणाला आत जा, दार लाव. तिथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो कोठीच्या खोलीचाही आहे, सामानसुमान ठेवायच्या, जिथे कुणी बघायला येत नाही. दार लावायचं ते कौतुक करणाऱ्या नजरांसाठी. ज्या लेकराला तुमच्या हाताची गरज आहे ते बाहेर राहावं म्हणून ते दार नव्हतं. आणि खरं सांगू का, तुमचं दार कोठीच्या खोलीसारखं राहिलेलंही नाही, आत प्रार्थना चाललीये हे अख्ख्या घराला माहितीये आणि अख्खं घर त्या वेळी आवाज न करता वावरतं, मग हे गुप्त कसलं, घरातल्यांसाठी तो रस्त्याचा कोपराच झाला की.

आता कोमट या शब्दाबद्दल. तुम्ही तो बायकोला लावलात म्हणून मी प्रकटीकरण, बायबलचं शेवटचं पुस्तक, काढून बसले. तिसरा अध्याय, लावदिकीया गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, पाठवलेला येशूचा निरोप, सात मंडळ्यांपैकी शेवटची. तू ना थंड ना गरम, कोमट आहेस, हे सोळाव्या ओवीत. पुढच्याच ओवीत त्यांना कोमट का म्हटलंय ते येतं. त्यांना वाटत होतं आपण श्रीमंत आहोत, आपल्याला काही कमी नाही. उपासना सोडून गेलेल्यांचा तिथे उल्लेखसुद्धा नाहीये, आत बसलेल्या, स्वतःवर खूश असलेल्या माणसांना ते लिहिलंय. आणि तिथून तीनच ओव्या पुढे, विसाव्या ओवीत, येशू स्वतः दाराशी उभा आहे आणि दार ठोकतोय. बाहेरून. ते वचन तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल, उद्या सकाळी साडेसहाला आत बसून परत वाचा, बाहेर टिक टिक चालू असताना वाचा. दाराबाहेर कोण बसलंय ते मी सांगत नाही, मत्तयचा पंचविसावा अध्याय तुम्हाला तोंडपाठ असणार, लहानातल्या लहानासाठी जे केलंत ते माझ्यासाठी केलंत, असं येशू म्हणतो तो.

तुमच्या मिसेसबद्दल मी मुद्दामच काही लिहीत नाहीये. त्यांचं मन देवापासून लांब गेलंय की फक्त त्या दारापासून, हे त्यांना विचारल्याशिवाय मला सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही नाही. तुम्ही रोज रडून त्यांच्यासाठी प्रार्थना करता तेव्हा त्या बाहेर एकटीने घर आवरत असतात एवढं मात्र तुमच्याच पत्रावरून कळतं.

प्रार्थना कमी करा असं मी सांगणार नाही, माझा स्वतःचा दिवस प्रार्थनेशिवाय उभा राहत नाही. वेळ बदला म्हणतेय. मत्तयचा चौदावा अध्याय बघा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला मारलं ही बातमी कळल्यावर येशू नावेत बसून एकांत जागी निघाला. दुःखात होता, एकटं राहायचं होतं, आणि त्याच्यापेक्षा जास्त हक्क त्या दिवशी एकांतावर कुणाचा होता? पण लोक पायी पायी त्याच्या मागे आले. नाव किनाऱ्याला लागली आणि समोर गर्दी. त्याने नाव मागे फिरवली नाही. त्याला त्यांचा कळवळा आला, आजारी होते त्यांना बरं केलं, संध्याकाळ झाली तेव्हा पाच हजार पुरुष, शिवाय बायका आणि मुलं, सगळ्यांना जेवायला घातलं. शिष्यांना नावेतून पुढे पाठवलं, लोकांना निरोप दिला, आणि मग एकटा डोंगरावर चढला प्रार्थनेला. एकांत त्याने सोडला नाही, पण तो रात्रीवर ढकलला, कारण दिवसा माणसं समोर होती. तुमच्याकडे तर पाच हजार पण नाहीत, एकच आहे आणि तिचे दोनच बूट आहेत.

तर उद्यापासून एवढंच करा. सकाळचे ते दोन तास रात्री न्या, मुलगी झोपल्यावर. झोप येईल, डोकं जड होईल, तसेच बसा. आणि सकाळी दार उघडं ठेवून बाहेर या, ती यायच्या आधी या, दाराशी फरशीवर मांडी घालून बसा. ती बूट घेऊन येईल तेव्हा पहिल्या दिवशी बिचकेल, कदाचित लांबच उभी राहील, तुम्ही हाक मारू नका, हात पुढे करा. पाय मांडीवर घ्या, मोजा नीट वर ओढा, बूट घाला, लेस बांधा. त्यावेळी वचन सांगायचं नाही, लेस कशी बांधायची ते शिकवायला जायचं नाही, शिस्तीबद्दल एक शब्द नाही. ती काहीतरी बडबडेल, शाळेतलं, मैत्रिणीचं, ते ऐकायचं. पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स म्हणून एक साधा माणूस होता, १६९१ मध्ये वारला, त्याने कितीतरी वर्षं मठाच्या स्वयंपाकघरात काढली, ते काम त्याला आवडतही नव्हतं, आणि नंतर पायाच्या दुखण्यामुळे त्याला मठातल्या लोकांच्या सँडल दुरुस्त करायला बसवलं. प्रार्थनेच्या वेळी देव जितका जवळ असतो तितकाच भांड्यांच्या खडखडाटातही असतो हे तो मनापासून मानायचा. तुम्हाला वाचनाची आवड आहे म्हणून सांगितलं. पण त्याच्याबद्दल वाचायचं ते नंतर, आधी बूट.

आणि हे बायकोला सांगू नका. बघ मी बदललो, आता तू पण बदल, असं चुकूनसुद्धा तोंडातून जाऊ देऊ नका. दोन आठवड्यांनी मंडळीत साक्ष द्यायला, देवाने मला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगायला उभं राहावंसं वाटेल, मला माहितीये तुम्हाला वाटेल, तेव्हा खाली बसा.

लेसची गाठ दुहेरी मारा हं. शाळेत सुटली तर तिथे तिला बांधून द्यायला कुणी नसतं.

तुमची ताई