काकांच्या नाटकाची जुनी पेजमेकर फाईल उघडत नाही. त्यातला मजकूर परत मिळेल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. २००३ साली तुमच्या काकांनी गावच्या मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, तीन अंकी नाटक लिहिलं. वडशाच्या एका डीटीपी सेंटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून देणाऱ्या दुकानात, ते पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये टाईप झालं. हाताने लिहिलेली वही वाळवीनं खाल्ली आणि उरली ती एक सीडी. तिच्यावरची '.पी६५' फाईल अर्धी कॉपी होऊन अडकते आणि आलेला तुकडा उघडत नाही.

ब्रह्मपुरीकडे माझं अठरा वर्षं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पतसंस्थेचे अहवाल आणि दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांची पोस्टरं. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची फाईल दुरुस्त होईल असं मला वाटत नाही. मजकूर मात्र बराचसा निघेल. म्हणून पानं, चौकटी, मुखपृष्ठ हे सगळं आत्ताच सोडून द्या आणि फक्त अक्षरांच्या मागे लागा.

सुरुवात सीडीपासून. ती पुन्हा पुन्हा टाकून कॉपी-पेस्ट करत बसू नका. विंडोज खराब जागेवर अडकलं की पुढचं चांगलंही सोडून देतं. लिनक्सवर 'डीडीरेस्क्यू' नावाचं फुकट साधन आहे. ते आधी वाचता येईल तेवढं सगळं उचलतं आणि खराब जागांकडे नंतर परत येतं. एका ड्राईव्हला न दिसणारी सीडी दुसऱ्याला दिसते, त्यामुळे ओळखीच्या कुणाकडे जुना डेस्कटॉप असेल तर त्यातही घालून पाहा. सीडीची जी प्रतिमा (एका फाईलमधली जशीच्या तशी नक्कल) मिळेल तिच्या दोन प्रती करा आणि एकीला हात लावू नका.

त्या सेंटरवाल्याचा जुना कॉम्प्युटर कुठे पडलाय का, हेही विचारा. आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग असं होतं की यूपीएसची बॅटरी चार्ज व्हायच्या आत लाईन परत जायची. सेव्ह होता होता लाईन गेली की विंडोज ९८ पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क हा डिस्क तपासणारा प्रोग्राम चालवायचं आणि डिस्कवरचे बेवारस तुकडे सी ड्राईव्हमध्ये 'फाईल००००.सीएचके' अशा नावानं ठेवायचं. बहुतेक लोक ते कचरा म्हणून उडवायचे. मीही उडवायचो. एकदा एका स्मरणिकेची चौदा पानं मला अशाच तुकड्यात सापडली, तेव्हापासून ती सवय सोडली. शिवाय ऑफसेटवाल्याला द्यायला काढलेली '.पीआरएन' (प्रिंटरला पाठवायची) फाईल किंवा बटर पेपरवरचं प्रिंट कुठे असेल तर पुढचं काहीच वाचायची गरज नाही.

आता फाईल. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ ची. ती विंडोज एक्सपीवर नीट चालते. '.पी६५' म्हणजे ६.५ ची फाईल, ती ७.० मध्ये उघडते. सरळ उघडत नसेल तर नवी कोरी फाईल घ्या आणि 'प्लेस'मधून बिघडलेली फाईल निवडून पाहा. पेजमेकर तिच्यातल्या स्टोऱ्यांची (मजकुराच्या सलग तुकड्यांची) यादी दाखवतो आणि हवी ती उचलता येते. इनडिझाईन सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या ६.० ते ७.० च्या फायली उघडतात. लिबरऑफिस ड्रॉही २०१५ पासून पेजमेकरच्या फायली वाचतं आणि ते फुकट आहे, म्हणून माझ्या मते पहिला प्रयत्न तिथेच करा.

कशात तरी उघडलीच तर आनंदाच्या भरात लगेच 'सेव्ह' दाबू नका. पेजमेकरमध्ये असाल तर काहीही सिलेक्ट न करता कंट्रोल आणि शिफ्ट दाबून ठेवा आणि टाईप मेनूतलं 'हायफनेशन' निवडा. तो आतून फाईल तपासतो आणि बीप देतो. एक बीप म्हणजे सगळं ठीक, दोन म्हणजे दोष होता तो काढला, तीन म्हणजे दोष आहे पण निघत नाही. मग 'सेव्ह ॲज'नं नवं नाव द्या. आमच्या दुकानात तीन बीप वाजले की पोऱ्या चहा सांगायला बाहेर पळायचा, कारण पुढचे दोन तास मी कुणाशी नीट बोलायचो नाही.

नाहीच उघडली तर हेक्स एडिटर, म्हणजे फाईलमधला एकेक बाईट दाखवणारा प्रोग्राम. विंडोजवर 'एचएक्सडी' फुकट मिळतो. पेजमेकर ६.५ ची फाईल आतून जुन्या वर्डच्या '.डॉक'सारख्याच साच्याची असते, म्हणून पहिले चार बाईट 'डी० सीएफ ११ ई०' असे दिसले तर फाईलचं डोकं (सुरुवातीचा भाग) शाबूत आहे. वरपासून खालपर्यंत नुसती शून्यं असतील तर फाईलचा आकार कितीही दिसो, आत काही नाही. तुमची तशी नसावी, कारण तुम्ही म्हणता की 'नोटपॅडमध्ये उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो'.

तो कचराच तुमचं नाटक असण्याची बरीच शक्यता आहे. तेव्हा आम्ही श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाईप करायचो. त्या फाँटमध्ये कॉम्प्युटरच्या दृष्टीनं मराठी नसतंच. 'क'च्या जागी कुठलं तरी रोमन अक्षर, काना म्हणजे दुसरं, वेलांटी म्हणजे एखादं चिन्ह. वर फाँटचा मुखवटा चढवला की मराठी दिसते. कुठला फाँट होता ते आधी काढा. त्याचं नाव फाईलमध्येच साध्या इंग्रजीत असतं, हेक्स एडिटरमध्ये 'श्री' किंवा 'कृती' ही अक्षरं रोमनमध्ये शोधा.

इथे तुमचं नशीब चांगलं आहे, कारण ते नाटक आहे. कादंबरीत खूण शोधायला त्रास होतो. नाटकात प्रत्येक संवादाच्या आधी पात्राचं नाव येतं, म्हणजे तीच अक्षरं शंभर-दोनशे वेळा. तो फाँट कुठून तरी मिळवा, नोटपॅडमध्ये नायकाचं नाव त्या फाँटमध्ये टाईप करा, मग फाँट बदलून एरियल करा. जो कचरा दिसेल तोच हेक्स एडिटरमध्ये शोधा. जिथे तो दाट सापडतो तिथून तिथपर्यंतचा भाग वेगळ्या फाईलमध्ये काढा. मजकूर सलग नसेल, मधे मधे पेजमेकरचं स्वतःचं काहीबाही येईल. ते दिसतं तसं राहू द्या, नंतर हातानं काढा.

एकच संवाद दोनदा, थोडा वेगळा सापडला तर गोंधळू नका. पेजमेकर झटपट सेव्ह करताना जुनं तसंच ठेवून नवं जोडायचा, म्हणूनच फाईल फुगत जायची. त्यातला एक काकांचा आधीचा खर्डा असेल. दोन्ही ठेवा.

काढलेली फाईल वर्डमध्ये उघडताना एन्कोडिंग 'विंडोज वेस्टर्न' निवडा. दुसरं काही निवडून सेव्ह केलं की अक्षरांचे क्रमांक बदलतात आणि मग कुठलाच कन्व्हर्टर कामाचा नाही. त्यानंतर त्या फाँटचा युनिकोड कन्व्हर्टर, म्हणजे जुनी अक्षरं आजच्या खऱ्या मराठी अक्षरांत बदलणारा प्रोग्राम, चालवा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकतात, कारण जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची आणि रफार नंतर. झाडीबोलीतले शब्द तर 'चुकीचे' वाटून तुम्हीच दुरुस्त कराल. ते करू नका.

सीडीच्या खराब भागात गेलेली पानं मात्र कुठलंच साधन आणणार नाही. त्यासाठी त्या वर्षीच्या मंडळातलं कोण हयात आहे ते पाहा, विशेषतः प्रॉम्प्टर. नटाला स्वतःचे संवाद आठवतात, प्रॉम्प्टरला सगळ्यांचे. माझ्या ओळखीच्या एकाला मी विसेक वर्षांपूर्वीच्या प्रवेशातली एक ओळ विचारली, तर म्हणाला, "काहून, पूर्ण अंकच सांगू काय?" आणि सांगायला लागला. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करूनच जा.