वॉरहॅमरमध्ये एल्फ सैन्य घेऊन अनडेडविरुद्ध कसं खेळावं?

वॉरहॅमर म्हणजे टेबलावर छोट्या बाहुल्यांची सैन्यं लढवण्याचा खेळ; त्यातल्या जुन्या वॉरहॅमर फँटसी बॅटलच्या नियमांनुसार सांगतो. अनडेड म्हणजे जादूने पुन्हा उठवलेल्या मेलेल्यांचं सैन्य. सांगाड्यांची गर्दी मारत बसू नका, सेनापतीला गाठा. अनडेड तुकड्या घाबरून पळत नाहीत, पण हातघाईत जितक्या फरकाने हरतात तितके त्यांचे आणखी सैनिक कोसळतात. आणि सैन्याला उभं ठेवणारा नेक्रोमॅन्सर (मेलेल्यांना उठवणारा जादूगार) किंवा व्हॅम्पायर मेला, की सगळं सैन्यच ढासळू लागतं.

एल्फ चपळ आणि नेमबाज, पण अंगाने नाजूक आणि पॉइंट्सना (सैन्य निवडताना खर्चायचे गुण) महाग. त्यामुळे समोरून रेटारेटी नको, घोडदळ बाजूने घाला. इथरियल (अशरीरी) भुतांवर साधे बाण वाया जातात, त्यांना जादूचीच शस्त्रं लागतात. मेलेले पुन्हा उठवणारे मंत्र अडवायला डिस्पेलचे फासे मात्र नक्की राखून ठेवा.