40 अँपिअरच्या एमसीबीवरून (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) 30 मीटर लांबच्या सब-पॅनेलला (मुख्य पॅनेलवरून वीज घेणारा पुढचा बोर्ड) 6 चौरस मिमी वायर चालेल का?

नाही, तांब्याची 10 चौरस मिमी टाका. वायर ठरते ती एमसीबीवरून. सब-पॅनेलवर आज किती लोड आहे यावरून नाही. एमसीबी 40 अँपिअरपर्यंत ट्रिप होणार नाही, म्हणजे तेवढा करंट वायरने तासन् तास मर्यादेबाहेर न तापता वाहायला हवा. आयईसीच्या (विजेची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) तक्त्यात पाइपमधल्या 6 चौरस मिमी पीव्हीसी वायरची क्षमता 41 अँपिअर दिसते, आणि इथेच बरेच जण फसतात. तो आकडा 30 अंश तापमानाचा आहे. 40 अंशांना 0.87 ने गुणा, हातात 36 अँपिअर उरतात. 10 चौरस मिमी त्याच हिशेबात 57 वरून 49.6 वर येते, म्हणजे पुरते.

दुसरं कारण अंतर: वायर जितकी लांब, तितकं व्होल्टेज वाटेतच घटतं (ड्रॉप). पूर्ण लोडला 230 व्होल्ट सिंगल फेजवर:

- 6 चौरस मिमी: सुमारे 8.8 व्होल्ट ड्रॉप (3.8 टक्के)
- 10 चौरस मिमी: सुमारे 5.3 व्होल्ट (2.3 टक्के)

दिव्यांसाठी एकूण 3 टक्क्यांची मर्यादा सुचवलेली असते, ती 6 मध्ये सब-पॅनेलपर्यंतच संपते. न्यूट्रल आणि अर्थिंगही 10 चौरस मिमीचंच घ्या. अर्थिंगला बारीक वायर ही नको तिथली काटकसर.

मात्र त्याच पाइपमधून आणखी सर्किट जात असतील तर क्षमता अजून घटते, दोन सर्किट असतील तर 0.8 ने गुणा. मग 10 सुद्धा कमी पडते: 16 घ्या किंवा पाइप वेगळा टाका. ॲल्युमिनियम असेल तर सुरुवातच 16 पासून.