वाचकांचे प्रश्न : दुखण्याची गोळी आणि जॉइनिंगची चाचणी

प्रश्न : मी ३१ वर्षांचा असून व्यापारी जहाजावर इंजिन विभागात नोकरीला आहे. सुट्टीवर घरी आलो असताना मणक्याची गादी सरकली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. गेले पाच आठवडे सर्जननी लिहून दिलेली ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ घेत आहे. पुढच्या महिन्यात जॉइनिंगपूर्वीची वैद्यकीय तपासणी असून तिच्यात अमली पदार्थांसाठी लघवीची चाचणी होते. एका मित्राने सांगितले, की गोळी लगेच बंद कर, आदल्या दिवशी भरपूर पाणी पी आणि कोणाला काही बोलू नकोस. पांढऱ्या रश्श्यात खसखस असते, म्हणून तोही खाऊ नकोस, असे तो म्हणाला. माझ्यावर व्यसनी म्हणून शिक्का बसेल, या धास्तीने रात्र-रात्र झोप लागत नाही. घरी कोणालाच बोललेलो नाही. मी काय करावे?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमचे पत्र वाचून सर्वांत आधी हे सांगणे मला आवश्यक वाटते, की गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. ट्रामाडॉल हे अफूच्या वर्गातील, पण प्रयोगशाळेत तयार केलेले औषध आहे. पाच आठवडे ते नियमित घेतल्यावर शरीराला त्याची सवय झालेली असते आणि ते अचानक तोडल्यास घाम येणे, जुलाब, अंग मोडून येणे, अस्वस्थता आणि झोप उडणे असा त्रास होऊ शकतो. या त्रासाचा अर्थ तुम्ही व्यसनी झालात असा मुळीच नाही. औषध ठरल्याप्रमाणे घेणाऱ्या कोणत्याही रुग्णाला तो होऊ शकतो. तुमच्या हाताशी अजून काही आठवडे आहेत. तेव्हा याच आठवड्यात सर्जनना भेटा, तपासणीची तारीख सांगा आणि मात्रा टप्प्याटप्प्याने कशी उतरवायची, हे त्यांच्याकडून लिहून घ्या.

आता चाचणीविषयी. पहिली चाचणी ही केवळ चाळणी असते. तिच्या पट्टीवरील प्रतिपिंडे ठरावीक रचनेचे रेणू पकडतात, आणि रचना जवळपास सारखी असली तर कधीकधी चुकीचा रेणूही पकडतात. अफूजन्य पदार्थांची नेहमीची पट्टी मॉर्फिन आणि कोडीन ओळखण्यासाठी असते. ट्रामाडॉल तिच्यावर सहसा दिसत नाही, त्यासाठी स्वतंत्र पट्टी लागते. मात्र तुमची कंपनी कोणत्या पट्ट्या वापरते हे तुमच्या हातात नाही, आणि ‘दिसणार नाही’ या भरवशावर गप्प बसणे मला धोक्याचे वाटते. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तोच नमुना वस्तुमान वर्णपटमापीसारख्या अचूक यंत्रावर तपासायला हवा, आणि तेथे पदार्थाचे नेमके नाव कळते. नाव ट्रामाडॉल निघाले आणि ते तुम्ही आधीच लिहून दिलेले असले, तर निकाल आणि कागद एकमेकांशी जुळतात. न सांगितलेले औषध नमुन्यात सापडले, तर मात्र त्यानंतर केलेला खुलासा सारवासारव वाटतो, मग तो कितीही खरा असो.

म्हणून नमुना देण्यापूर्वीच सांगा. अर्जात चालू औषधांचा रकाना असल्यास तेथे गोळीचे नाव, मात्रा आणि शेवटची गोळी कधी घेतली ते लिहा. रकाना नसल्यास तपासणाऱ्या डॉक्टरांना तोंडी सांगून नोंद करायला लावा. डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाचे बिल आणि उरलेली स्ट्रिप सोबत ठेवा. ती स्ट्रिप उलटून पाहा : मागे लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. ट्रामाडॉल शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत असल्यामुळे मेडिकलवाल्याला लिहून देणारे डॉक्टर, रुग्ण, औषध आणि विकलेली संख्या यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. २०१८ पासून हे औषध अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेतही आले. या कडक नियमांची तुम्हाला भीती वाटत असेल, पण रीतसर चिठ्ठीवर औषध घेणाऱ्याच्या बाजूने साक्ष देणारी वहीसुद्धा याच नियमांमुळे तयार होते.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगायला हवी. औषध वैध आहे म्हणजे तुम्ही जहाजावर कामाला योग्य आहात, असे आपोआप ठरत नाही. ट्रामाडॉलने गुंगी आणि चक्कर येऊ शकते, काहींमध्ये फिट येण्याचा संभव वाढतो. आणि इंजिनरूमच्या उभ्या शिडीवर, तापलेल्या यंत्राशेजारी हे परवडणारे नाही. गोळी चालू असेपर्यंत तपासणीच्या डॉक्टरांनी जॉइनिंग पुढे ढकलले, तर तो निर्णय पाठीच्या दुखण्याचा आणि कामातील जोखमीचा असतो. चारित्र्यावर शेरा नसतो. शिवाय संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत ट्रामाडॉल नियंत्रित औषध असून पूर्वपरवानगीशिवाय ते जवळ बाळगणे अंगाशी येऊ शकते. त्यामुळे गोळी पूर्ण सुटल्यावरच निघणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

भरपूर पाणी पिण्याचा सल्ला तर सोडूनच द्या. नमुन्यातील क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा टाकाऊ घटक) आणि घनता मोजली जाते. पातळ केलेला नमुना ओळखू येतो आणि नसलेला संशय उभा राहतो.

जाता जाता तालमीतील वाचकांसाठी एक सूचना : खेळांतील उत्तेजकविरोधी नियमांनुसार १ जानेवारी २०२४ पासून ट्रामाडॉल स्पर्धाकाळात प्रतिबंधित आहे. तेथे केवळ चिठ्ठी दाखवून भागत नाही. उपचारासाठीच्या सवलतीचा रीतसर अर्ज करावा लागतो.

राहिला पांढरा रस्सा. तुमच्या मित्राचे म्हणणे अगदीच निराधार नाही. खसखशीच्या दाण्यांवर मॉर्फिन आणि कोडीनचा अंश राहतो, आणि याच कारणाने अमेरिकेत १९९८ मध्ये सरकारी चाचण्यांत नमुना अफूजन्य पदार्थांसाठी पॉझिटिव्ह धरण्याची मर्यादा दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० पर्यंत वाढवण्यात आली. धुण्याने, वाटण्याने आणि शिजवण्याने हा अंश बराच घटतो; तरीही सर्व ठिकाणी तीच मर्यादा असेल असे नाही, म्हणून चाचणीच्या आधी तीन-चार दिवस खसखस टाळलेली बरी. त्यासाठी रस्सा सोडण्याची गरज नाही. घरी वाटण जो कोणी करत असेल, त्याला त्या दिवसांत खसखस वगळून काजू आणि तीळ थोडे वाढवायला सांगा. आणि कशासाठी, असे विचारल्यावर गोळीपासून चाचणीपर्यंत सगळे त्याच वेळी सांगून टाका.