धाडस की जुगार?

प्रश्न : तंत्रज्ञान कंपन्यांच्या यशाचे श्रेय जोखीम पत्करणाऱ्या नेतृत्वाला दिले जाते. पण धाडस आणि जुगार यांतला फरक ओळखायचा कसा?

उत्तर : तो पूर्वतयारीत दिसतो. इंटेल या अमेरिकी चिप कंपनीची उभारणी मेमरी चिप्सवर, म्हणजे माहिती साठवणाऱ्या चिप्सवर झाली होती. परंतु जपानी कंपन्यांनी दर्जा आणि किंमत या दोन्ही बाबतींत मात केल्यावर, १९८५च्या सुमारास इंटेलचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी गॉर्डन मूर यांना विचारले की, आपल्या जागी नवा प्रमुख आला तर तो काय करील? मेमरीतून बाहेर पडेल, असे मूर म्हणाले. मग तेच आपण का करू नये, असे ग्रोव्ह यांनी सुचवले आणि कंपनीने सारी भिस्त मायक्रोप्रोसेसरवर, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेल्या चिपवर ठेवली. हा निर्णय हवेतला नव्हता, कारण आयबीएमच्या १९८१च्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये इंटेलचाच ८०८८ प्रोसेसर होता. याउलट, तयारी असूनही धाडस न केल्याचे उदाहरण म्हणजे कॅमेऱ्याची फिल्म विकणारी कोडॅक; तेथील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्येच डिजिटल कॅमेरा बनवला होता. फिल्मच्या नफ्यापुढे तो मागे पडला.

मात्र इंटेलला १९८६ मध्ये तोटा सोसावा लागला आणि हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. नेतृत्वाचे गोडवे गाताना ही किंमत सहसा सांगितली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.