‘देवानं माफ केलं असेल, पण मीच स्वतःला माफ करू शकत नाही’

ख्रिस्ती समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य पुन्हापुन्हा ऐकू येतं. कुणाचा संसार मोडलेला असतो, कुणी सुटलेल्या दारूकडे परत वळलेलं असतं, कुणाचा धंदा दुसऱ्याच्या पैशासकट बुडालेला असतो. विश्वासणाऱ्या माणसाला अपयशावर आणखी एक ओझं असतं: ‘मी साक्ष बिघडवली’, म्हणजे माझ्या वागण्याने माझ्या विश्वासाला काळिमा लागला. मग तो शेवटच्या बाकावर सरकतो, प्रभुभोजनाची (भाकर-द्राक्षारसाच्या विधीची) थाळी पुढे ढकलतो आणि एका रविवारपासून येतच नाही.

नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीतले गृहस्थ असेच पत्नीच्या आग्रहाने माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) १२ घरांची नाताळाची भिशी त्यांच्याकडे होती. दर घराचे महिन्याला १,००० रुपये, १० महिन्यांचे १,२०,०००. मेव्हण्याच्या मोबाईलच्या दुकानाला अडचण आली तेव्हा त्यांनी कुणाला न विचारता ते पैसे तिकडे फिरवले. दिवाळीपर्यंत दुकान बंद पडलं. ‘जानेवारीत देतो’ म्हणाले आणि त्यानंतर आठ महिने त्यांनी देवळाची, म्हणजे चर्चची, पायरी चढली नाही.

“प्रार्थना करता?”

“रोज चार-पाच वेळा माफी मागतो. बुधवारी उपास धरतो.”

“कुणाची माफी?”

“प्रभूची.”

“आणि १२ घरांची?”

ते खिडकीकडे बघत राहिले.

बहुतेक वेळा गाठ इथेच असते. देवाकडे शंभरदा माफी मागूनही हलकं वाटत नाही, कारण जिथे एकदाच जायचं असतं ते दार टाळलेलं असतं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे वेदीपाशी आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर. उपास करायला माझी हरकत नाही. पण उपास त्या १२ घरांना करायच्या फोनची जागा घेऊ शकत नाही.

‘स्वतःला माफ करा’ हा सल्ला मी देत नाही. पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) अशी आज्ञा कुठेही नाही. ज्याचं नुकसान झालं तो क्षमा करतो, ज्याने केलं त्याला ती घ्यायची असते. घेताना रिकामे हात पुढे करावे लागतात, आणि स्वाभिमानी माणसाला नेमकं तेच जड जातं.

त्यांना एका कागदावर घडलेलं लिहायला सांगितलं: कधी, किती, कुणाचं, कुणापासून लपवलं. विशेषण एकही नको. पहिला कागद ‘मी नालायक, मी ढोंगी’ यानेच भरला होता, त्यात रक्कम कुठेच नव्हती. ही खरी खूण आहे. स्वतःला शिव्या देणं म्हणजे कबुली नव्हे. ‘नालायक’ कुणाला परत करता येत नाही, १०,००० रुपये करता येतात. तिसऱ्या खेपेला कागदावर सहा ओळी उरल्या, आणि ‘मेव्हण्याने फसवलं’ हे वाक्य त्यांनी स्वतःच खोडलं.

पुढच्या भेटीत बायबलमधल्या दोन माणसांबद्दल वाचलं. यहूदाला, म्हणजे ३० नाण्यांसाठी येशूला धरून देणाऱ्या शिष्याला, पस्तावा झाला नाही असं आपण धरून चालतो. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय तसं म्हणत नाही. यहूदा ती ३० नाणी परत घेऊन गेला, निर्दोष रक्ताचा विश्वासघात केला असं स्पष्ट बोलला. पण गेला कुणाकडे? मुख्य याजकांकडे. त्यांनी ‘तुझं तू बघ’ म्हटलं आणि तो एकटाच बाहेर पडला. पेत्र या शिष्याचा अपराधही काही लहान नव्हता, येशूची ओळख त्याने तीनदा नाकारली. पण तो रडून पुन्हा बाकीच्या शिष्यांमध्ये गेला. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या किनाऱ्यावर येशू त्याला भेटतो, तेव्हा तिथे कोळशाचा विस्तव आहे. योहानाच्या शुभवर्तमानात त्याने नाकारलं तेही कोळशाच्याच विस्तवापाशी. मूळ ग्रीकमधला तो शब्द सबंध नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो.

“पेत्राला काय विचारलं नाही?” मी म्हटलं.

त्यांनी उतारा दोनदा वाचला. “‘का केलंस?’ हे नाही विचारलं.”

“मग?”

“प्रीती करतोस का, एवढंच. तीनदा.” जरा थांबून म्हणाले, “आणि काम दिलं.”

आठ महिन्यांत ते पहिल्यांदा रडले, आणि ते रडणं वेगळं होतं. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात दोन प्रकारची दुःखं सांगतो, एक जीवनाकडे नेणारं, दुसरं मरणाकडे. समोरचं दुःख कोणतं हे ओळखता येणं हेच या कामातलं मोठं कौशल्य आहे, असं मी मानते. पहिलं दुःख माणसाला कुणाकडे तरी घेऊन जातं. दुसरं त्याला खोलीत कोंडतं.

त्या भावनेच्या भरात ते म्हणाले, “महिन्याला १५,००० फेडतो.” पगार २६,०००. इथेच अनेकांचं दुसरं अपयश तयार होतं. भाडं ६,०००, किराणा ८,०००, शाळा ३,५००, वीज-गॅस-प्रवास ३,५००; उरतात ५,०००. म्हणून ५,०००, २४ महिने. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने चौपट द्यायचं कबूल केलं, पण तो श्रीमंत होता. पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आधी सांगून, त्यांच्यासमोर १२ जणांना एकत्र बोलावलं. बोलायचं वाक्य ठरवून दिलं होतं: मी हे केलं, चूक माझी, असे परत करीन. ‘पण’ नको, आणि ‘मला माफ करा ना’ असा तगादाही नको. दोन घरं अजून बोलत नाहीत. तो त्यांचा अधिकार आहे.

भिशी त्यांच्याकडे परत दिली नाही, तसं त्यांनीही मागितलं नाही. क्षमा मिळाली म्हणजे किल्ल्या मिळाल्या असं नाही. ते रविवारी सतरंज्या घालतात. उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे आपला अनुभव सांगायची, घाईही मी थांबवली. ताज्या जखमेची साक्ष बहुधा टाळ्यांसाठी होते.

एक सांगायलाच हवं. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, तेच पाप दिवसातून वीस वेळा कबूल करूनही मन मानत नसेल, तर तो विश्वासाचा कमीपणा समजू नका, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जगणं नको वाटत असेल तर वाट न पाहता टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. प्रार्थना त्यासोबत चालू द्या.

सातव्या महिन्यात मुलाला डेंग्यू झाला आणि हप्ता भरता येईना. तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बाराही घरी फोन केले. न बोलणाऱ्या त्या दोन घरीही.